गवताखालचे चोर

गणपतीच्या दिवसांत दूर्वा आणायला तुम्ही जाताच. एकवीस दूर्वांची जुडी करायची म्हणजे आधी चांगली लुसलुशीत हरळी शोधायला हवी. शाळेचं मैदान, देवळामागचं आवार, विहिरीचा काठ, शेताचा बांध, कुठे ना कुठे ती सापडतेच. या वेळी दूर्वा खुडून झाल्या की आणखी एक काम करा. मैदानात एखादा पिवळा, मलूल पडलेला डाग दिसला तर तिथलं गवत मुठीत धरून जरा वर ओढा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? अरे, हरळी म्हणजे भारी चिवट जात! ती उपटता उपटता शेतकऱ्याच्या तोंडाला फेस येतो. वीतभर उपटली तरी हातभर जमिनीत उरते. अशी ही हरळी सतरंजीचं टोक उचलावं तशी अलगद वर आली, आणि उलटून बघावं तर खाली मुळंच नाहीत, तर काय समजायचं? समजायचं की खाली चोर बसलाय!

हा चोर कोण, तो एकटाच आहे की त्याचे भाऊबंदही आहेत, आणि सापडल्यावर त्याचं करायचं काय, ते आज पाहू. हे पाहणं जरुरीचं आहे. कारण गवत वाळायला लागलं की मोठी माणसं फार घाई करतात. "कीड लागली, औषध मारा!" झालं. कसली कीड, कुठे आहे, किती आहे, कोणी पाहिलेलंच नसतं. माझ्या माहितीतल्या एका शाळेत असंच झालं. मैदानाचा एक कोपरा पिवळा पडला म्हणून कुणीतरी दाणेदार विषारी औषध आणून सगळीकडे फेकलं. आठ दिवस मुलांना मैदान बंद! आणि एवढं करून गवत हिरवं झालं का? छे! पुढे कधीतरी तो कोपरा खणला, तेव्हा आत एकही किडा नव्हता. होती ती बांधकामाची खडी आणि घट्ट झालेलं सिमेंट. मुळांना जायला जागाच नव्हती, तर गवत बिचारं काय करणार?

ज्या मैदानावर पहिली-दुसरीची मुलं अनवाणी पळतात, पडतात, मातीचे हात तसेच तोंडात घालतात, तिथे विष टाकायचं म्हणजे शंभरदा विचार करायला हवा. हो की नाही?

तेव्हा पहिलं काम पोलिसांसारखं. आधी तपास, मग अटक. पिवळा प्रत्येक डाग काही किड्यांनी केलेला नसतो. कुत्रं रोज एकाच जागी लघवी करत असेल तर मधे पिवळा डाग आणि त्याच्याभोवती गडद हिरवं कडं दिसतं. क्रिकेटच्या दोन स्टंपांमधलं गवत कुणी खाल्लं, ते तुम्हाला ठाऊकच आहे! स्कूटर लावायच्या जागी तेल गळतं. वडाच्या दाट सावलीत हरळी धरतच नाही, तिला ऊन लागतं. आणि कधी कधी नुसतं पाणीच कमी पडलेलं असतं. अशा सगळ्या ठिकाणी गवत ओढून पाहिलं तर ते घट्ट धरून बसलेलं असतं. मुळं जाग्यावर असतात. ही ओढून बघायची खूण लक्षात ठेवा.

खुरपं घ्या, पट्टी घ्या

गवत अलगद वर आलं तर मात्र खणायचं. त्यासाठी खुरपं, कंपासपेटीतली नव्हे तर ३० सेंटिमीटरची मोठी पट्टी आणि एक जुनं वर्तमानपत्र एवढं साहित्य पुरे. सरांना किंवा बाईंना आधी विचारा बरं का! नाही तर मैदान खणलं म्हणून तुम्हालाच शिक्षा व्हायची.

पिवळ्या डागाच्या अगदी मध्ये खणू नका. तिथली मुळं खाऊन संपलेली असतात, चोर पुढच्या घरी गेलेला असतो. डागाच्या कडेला, जिथे पिवळं आणि हिरवं गवत एकमेकांना भेटतं, तिथे खणा. पट्टीने ३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद चौकोन आखा. म्हणजे साधारण एक चौरस फूट झाला. तीन बाजूंनी खुरप्याने कापा आणि चौथ्या बाजूवर वहीचं पान उलटावं तसा तो गवताचा तुकडा उलटा. खालची माती वीतभर खोल उकरून कागदावर घ्या आणि ढेकळं हाताने फोडून नीट बघा. पाहून झालं की माती भरा, गवताचं पान मिटा, पायाने दाबा आणि वर तांब्याभर पाणी घाला. आठवडाभरात खूणही राहत नाही.

आता त्या कागदावर काय काय सापडेल?

गांडुळं सापडली तर त्यांना नमस्कार करून परत मातीत सोडा. ती आपली माणसं! त्यांच्यामुळे माती भुसभुशीत राहते.

पण इंग्रजी "सी" अक्षरासारखी वाकलेली, दुधाळ पांढरी, लठ्ठ अळी दिसली तर थांबा. डोकं तपकिरी आणि टणक, डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या, शेपटाकडचा भाग काळपट आणि फुगीर. तो काळपटपणा म्हणजे तिच्या पोटातली माती आणि खाल्लेलं अन्न. कातडी इतकी पातळ असते की आतलं दिसतं! पूर्ण वाढलेली अळी तुमच्या करंगळीएवढी भरते. हात लावला की आणखी गुंडाळून कुशीवर पडून राहते, जणू काही मी त्या गावचीच नाही. हीच ती हुमणी.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे नाव नवीन नाही. ऊस, भुईमूग, ज्वारी, सोयाबीन, कशाचीही मुळं तिला चालतात. हिरवागार ऊस बघता बघता पिवळा पडतो आणि हाताने ओढला तर ठोंब उपटून हातात येतो. शाळेच्या मैदानात तिने चटईएवढं गवत खाल्लं तर आपली फार तर खेळण्याची जागा जाते. शेतात तिने तेवढंच केलं तर कुणाच्या तरी घरातले वर्षाचे पैसे जातात. आपल्याकडे हिच्या दोन जाती फार प्रसिद्ध आहेत. कोरडवाहू जमिनीत सापडते ती माळावरची हुमणी, आणि कोल्हापूर-सांगलीकडे नदीच्या मळ्यांत उसाला छळते ती नदीकाठची हुमणी. आज आपण बोलतोय ते मुख्यतः माळावरच्या हुमणीबद्दल.

आता एक गंमत. शेणखताच्या ढिगात, उकिरड्यात किंवा पालापाचोळ्याच्या खड्ड्यातही अशाच पांढऱ्या, गलेलठ्ठ अळ्या असतात. त्या सगळ्याच काही हुमणीच्या नसतात. अशी अळी मिळाली तर तिला सपाट फरशीवर ठेवा आणि बाजूला बसून पाहा. काही अळ्या सरळ उताण्या होतात आणि पाय आकाशाकडे करून पाठीवरून सरपटत चालायला लागतात! पाठीवर चालणारी ही अळी फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या कुळातली असते. ती मुख्यतः कुजका पाला खाते आणि त्याचं खत करते. तिला मारू नका, खड्ड्यात सोडून द्या. आणि अंगठ्याहूनही मोठी, अजस्र अळी खताच्या ढिगात सापडली तर ती गेंड्या भुंग्याची असण्याचा संभव फार. तो भुंगा नारळाच्या झाडाचा शत्रू. कोकणातल्या मुलांना याची ओळख करून द्यायला नको.

दुसऱ्या टोळीतले चोर

हुमणी मुळं खाते. पण काही चोर पानं खाणारे असतात. त्यांनी खाल्लेलं गवत ओढून हाती येत नाही, ते कातरल्यासारखं दिसतं. काल हिरवा असलेला तुकडा आज जणू शेळ्यांनी चरून टाकलाय. हे काम बहुतेक वेळा लष्करी अळीचं. दिवसा ती गवताच्या बुडाशी, पाल्याखाली लपते आणि अंधार पडला की बाहेर येते. एका शेतातलं संपलं की झुंडीने दुसऱ्या शेताकडे चालत निघते, म्हणून हे नाव.

हिची एक परदेशी बहीण २०१८ साली भारतात पहिल्यांदा दिसली, कर्नाटकात. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. अमेरिकन लष्करी अळी म्हणतात तिला. तिकडे अमेरिकेत ती घरापुढच्या हिरवळीही फस्त करते, आपल्याकडे तिने मका धरलाय. तिची ओळख अगदी सोपी. डोक्यावर इंग्रजी "वाय" अक्षर उलटं काढल्यासारखी पांढरट रेघ आणि शेपटाजवळ चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. मक्याच्या पोंग्यात भुसा दिसला तर भिंग घेऊन शोधा.

तिसरा चोर मोठा नामी आहे. तो जमिनीत राहणारा एक रातकिडा. पुढचे दोन पाय फावड्यासारखे रुंद, त्यांनी तो माती उकरत जातो. गवताखालून तो गेला की सतरंजीखालून बोट फिरवावं तशी मातीची उंच रेघ वर दिसते. याच्या बिळाचं तोंड कर्ण्यासारखं पसरट असतं. नर त्यात बसून गातो आणि कर्ण्यामुळे आवाज दूरवर जातो. आहे की नाही लाउडस्पीकर!

पानं खाणाऱ्या अळ्या आणि हे रातकिडे यांना शोधायला खणायची गरज नाही. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन चमचे टाका आणि संशय असलेल्या साधारण एक मीटर चौरस जागेवर हळूहळू ओता. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा, भर दुपारी नको. मग पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. साबणाच्या पाण्याने जीव कासावीस होऊन अळ्या आणि रातकिडे वर येतात. मोजून झाले की साधं पाणी ओतून साबण धुऊन टाका. हुमणी मात्र या युक्तीला भीक घालत नाही. ती खोल असते. तिच्यासाठी खुरपंच हवं.

पानं खाल्लेल्या गवताची फार काळजी नको. मुळं शाबूत असतात, पाणी मिळालं की हरळी पुन्हा फुटते. खरा घोर हुमणीचा. म्हणून पुन्हा तिच्याकडे वळू.

वळवाच्या पावसाची रात्र

हुमणीचा जन्म एका रात्रीत ठरतो. ती रात्र म्हणजे मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला पडणाऱ्या पहिल्या चांगल्या पावसानंतरची. दिवसभर उकाडा, संध्याकाळी वळीव धो धो कोसळतो, मातीचा वास सुटतो, आणि दिवेलागणीच्या सुमाराला जमिनीतून भुंगेरे बाहेर पडायला लागतात. चिंचोक्यापेक्षा थोडे मोठे, तसेच तपकिरी. ते थेट उडतात ते कडुनिंबाकडे, बाभळीकडे, बोरीकडे. झाडाखाली उभं राहिलं तर घुं घुं असा आवाज ऐकू येतो. रात्रभर पाला खायचा, जोडीदार शोधायचा आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरायचं, हा त्यांचा काही दिवसांचा कार्यक्रम. सकाळी कडुनिंबाच्या फांद्या खराट्यासारख्या झालेल्या दिसल्या की ओळखावं, रात्री पाहुणे येऊन गेले.

मादी मातीत अंडी घालते. एकेक सुटं, पांढुरकं, साबुदाण्याच्या बारीक दाण्यासारखं. एक मादी पन्नास-साठ अंडी सहज घालते. दोन-तीन आठवड्यांत त्यातून इवल्याशा अळ्या निघतात. आधी त्या मातीतला कुजका पाला खातात. मग जरा मोठ्या झाल्या की कोवळी मुळं. दोनदा कात टाकतात आणि प्रत्येक वेळी भूक वाढते. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात खादाड असतात. म्हणून तर गणपतीत दूर्वा खुडताना डाग दिसतात! दिवाळीच्या आगेमागे खाणं थांबतं, अळी खोल जाऊन मातीत छोटीशी खोली करते आणि तिथे कोष होतो. कोषातून भुंगेरा तयार होतो, पण तो बाहेर येत नाही. थंडी, उन्हाळा तसाच जमिनीत काढतो आणि पुढच्या वळवाची वाट बघतो. वर्षाला एकच पिढी.

आता ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. वर्षभर हा प्राणी जमिनीत लपलेला असतो. आपल्या हातात तो सापडतो ते फक्त या चार-आठ संध्याकाळी, झाडावर. एक गणित करा. शंभर भुंगेरे पकडले. त्यात निम्म्या माद्या धरल्या तर पन्नास. प्रत्येकीची पन्नास अंडी. किती झाली? २५००! सगळी अंडी काही जगत नाहीत, पण तरी विचार करा, सप्टेंबरात खुरपं घेऊन २५०० अळ्या उकरायच्या की जूनमध्ये शंभर भुंगेरे वेचायचे?

आणि वेचायला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. झाडाखाली जुनं धोतर किंवा चादर पसरायची, लांब काठीला आकडी बांधून फांद्या हलवायच्या, टपाटप पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. बादलीवर एक दिवा टांगला तरी बरेच जण आपणहून येऊन पडतात. पण हे काम मोठ्या माणसांबरोबरच करायचं. वीज कडाडत असताना झाडाखाली जायचं नाही, वाऱ्यापाऊस पूर्ण थांबल्यावरच जायचं. विजेच्या तारा फांद्यांतून गेल्या असतील ते झाड सोडून द्यायचं. पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच, कारण पहिल्या पावसाने साप-विंचूही बिळाबाहेर येतात.

हे एकट्यादुकट्याचं काम मात्र नव्हे. आपल्या शाळेच्या आवारातले भुंगेरे आपण वेचले आणि शेजारच्या मळ्यातल्या बाभळी तशाच राहिल्या, तर तिथले भुंगेरे काही कुंपण पाळत नाहीत. सगळ्या आळीने, सगळ्या गावाने एकाच आठवड्यात केलं तरच फरक पडतो. जूनमध्ये शाळा उघडलेली असो नसो, सुट्टीतल्या पोरांची टोळी यासाठी फार कामाची!

आपल्या बाजूचे शिपाई

हुमणीला खाणारे पुष्कळ आहेत. नांगराच्या मागे मागे चालणारे पांढरेशुभ्र बगळे तुम्ही पाहिलेच असतील. फाळाने वर आलेल्या अळ्या ते टिपत असतात. मैदानात साळुंक्यांचा थवा एकाच जागी रोज उतरत असेल तर ती जागा खणून पाहा. त्यांना आपल्याआधी बातमी लागलेली असते. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला हुदहुद तर आपली लांब, वाकडी चोच जमिनीत खुपसून अळी बाहेर ओढतो.

साळुंकीवरून आठवलं. १७६२ साली आपल्या देशातून साळुंक्या जहाजाने मॉरिशसला नेल्या होत्या, तिथल्या टोळांचा बंदोबस्त करायला. टोळांचं काम त्यांनी केलं. पण पुढे अशा नेलेल्या साळुंक्या जगात अनेक ठिकाणी तिथल्याच पक्ष्यांना डोईजड झाल्या. पाहुणा शिपाई आणताना जपून आणावा लागतो, तो असा.

सगळ्यात नवलाचे शिपाई मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. १८७९ सालची गोष्ट. तेव्हाच्या रशियातल्या ओडेसा शहराजवळ गव्हावर एका भुंगेऱ्याने धुमाकूळ घातला होता. हुमणीचाच लांबचा नातेवाईक. इल्या मेचनिकॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ त्याच्या अळ्या तपासत होते. त्यांना काही अळ्या मेलेल्या आणि हिरव्या बुरशीने माखलेल्या दिसल्या. ही बुरशीच अळ्यांना मारते आहे, हे त्यांनी ओळखलं. तीच आज मेटारायझियम नावाने कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळते. तिचे सूक्ष्म बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, तिथेच रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. मेचनिकॉव्हना पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते आपलं शरीर रोगांशी कसं लढतं या शोधासाठी.

दुसरा शिपाई अस्सल भारतीय. १९९२ साली तामिळनाडूतल्या कोइमतूरच्या एका सूत्रकृमीची शास्त्रज्ञांनी जगाला ओळख करून दिली आणि नावच ठेवलं हेटेरोऱ्हाब्डायटिस इंडिका. नाव उच्चारताना दात सांभाळा! सुतासारखा बारीक, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा जीव ओल्या मातीतून पोहत अळीपर्यंत जातो, तिच्या आत शिरतो आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्यात सोडतो. दोन-तीन दिवसांत अळी खलास. मेलेली अळी विटेसारखी लालसर होते. आणि ऐका, हे जिवाणू अंधारात मंद चमकतात! गडद अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर ती मेलेली अळी अंधुक उजळलेली दिसते.

या दोन्ही शिपायांना ऊन सोसत नाही आणि कोरडी माती चालत नाही. म्हणून ते संध्याकाळी, जमीन ओली असताना टाकायचे. बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकतात. आणि अळ्या लहान असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये टाकायचे. दिवाळीनंतर अळीने खाणं थांबवल्यावर कुठलंही औषध टाकणं म्हणजे चोर जेवून, पांघरूण घेऊन झोपल्यावर दाराला कुलूप लावण्यासारखं.

पूर्वी हुमणी म्हटली की बीएचसी पावडर, नाही तर फोरेटचे दाणे, एवढंच लोकांना ठाऊक होतं. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ मध्ये बंदी आली. फोरेटवर २०२० सालच्या डिसेंबरअखेर. ही विषं हुमणीपुरती थांबत नव्हती. गांडूळ, पाणी, पक्षी, माणूस, सगळ्यांपर्यंत पोचत होती. एखाद्याच्या पडवीत जुना डबा अजून पडलेला असेल तर त्याला तुम्ही हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं.

मग सप्टेंबरात मैदान खणलं आणि हुमणी सापडली तर? आधी मोजा. चौरस फुटाला एखादी-दुसरी असेल तर सोडून द्या. दाट, निरोगी गवत तेवढं सहन करतं. अमेरिकेत हिरवळीसाठी तज्ज्ञ असा हिशेब सांगतात, की लहान जातीच्या अळ्या चौरस फुटाला सहा ते दहा आणि मोठ्या जातीच्या तीन-चार झाल्या की हालचाल करावी. आपली हुमणी अंगाने मोठीच, तेव्हा तीन-चार हा आकडा धरायला हरकत नाही. तेवढ्या असतील तर डागाच्या कडेकडेने माती उकरून अळ्या हाताने वेचा, उकरलेली माती सकाळभर उघडी ठेवा आणि लांब जाऊन बसा. साळुंक्या उरलेलं बघतात. मग माती सपाट करून हरळीच्या कांड्या वीत-वीत अंतरावर लावा आणि दररोज पाणी घाला. गवत पार बुडापर्यंत कापायचं नाही, चार बोटं उंच ठेवलं की मुळंही खोल जातात. आणि मैदानावर शेणखत पसरायचंच असेल तर पूर्ण कुजलेलं पसरा. कच्च्या, अर्धवट कुजलेल्या खताकडे भुंगेऱ्यांच्या माद्या अंडी घालायला हमखास येतात.

वेचलेल्या अळ्यांपैकी दोन मात्र ठेवून द्या. काचेची मोठी बरणी घ्या, त्यात वीतभर ओलसर माती भरा, मूठभर भिजवलेला भुईमूग नाही तर ज्वारी पेरा आणि अळ्या आत सोडा. दोन बरण्या असतील तर एकेकीत एक, कारण जागा कमी पडली की त्या एकमेकींना चावतात. बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळा, तोंडाला जाड फडकं घट्ट बांधा आणि वर्गाच्या थंड कोपऱ्यात ठेवा. कागदावर तारीख लिहा. दर शनिवारी कागद सोडून पाहायचं आणि काय दिसलं ते वहीत टिपायचं. किती मुळं उरली, अळी कुठल्या खोलीवर आहे, माती सुकली आहे का. माती सुकली तर थोडं पाणी शिंपडा, चिखल करू नका. नशीब असेल तर दिवाळीनंतर काचेला लागूनच तिने केलेली छोटीशी मातीची खोली तुम्हाला दिसेल. मग बरेच महिने काहीच दिसणार नाही. बरणी फेकून देऊ नका! उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कुणाच्या तरी घरी न्या, मेच्या शेवटी एका संध्याकाळी माती चांगली भिजवा, आणि दिवेलागणीला फडक्याला कान लावून बसा.